कोवळं आहे तोवर

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की कोकणात रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याला कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. गुरंही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. माणूस मात्र खातो, आणि तोही सगळा नाही. वीतभर वाढायच्या आतला. दिवेलागणीला या रोपांची पानं जोडीजोडीने मिटतात आणि सकाळी उघडतात. तेवढ्यात बायका नखाने शेंडे खुडून मोकळ्या झालेल्या असतात. फोडणीत कांदा-लसूण, वरून ओलं खोबरं, असल्या तर ठेचलेल्या आठळ्या. चव किंचित कडसर, आणि मला विचाराल तर वर्षात दोनदाच पुरे अशी.

हीच रोपं पुढे कमरेपर्यंत वाढतात, पिवळी फुलं आणि बारीक वाकड्या शेंगा धरतात. तेव्हा त्यांच्याकडे कुणी बघत नाही. टाकळा सोनामुखीचा भाऊबंद आहे. जून पाल्याने पोट वाहतं. त्याचा आणखी एक भाऊ त्याच्याच शेजारी उगवतो, कासविंदा. टाकळ्याच्या पानाला गोलसर पर्णिकांच्या तीन जोड्या, कासविंद्याच्या चार-पाच आणि टोकदार. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या आसपास दरवर्षी थंडीच्या तोंडाशी लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत. वर्षानुवर्षं त्याला मेंदूज्वर म्हटलं गेलं. २००७च्या सुमारास उलगडा झाला: मुलांनी कासविंद्याच्या बिया खाल्लेल्या होत्या. खेळता खेळता, भूक लागली म्हणून, कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

पावसाळा आला की 'रानभाज्या खा, निसर्गाने दिलेलं औषध' असा मजकूर फोनवर फिरू लागतो, तेव्हा मला ती मुलं आठवतात. झाडाने पान माणसासाठी काढलेलं नसतं. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानातच आपलं हत्यार बाळगतं. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुड्या करून ठेवलेल्या असतात. घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. चाकवत, राजगिरा, पालक, माठ यांच्यातही ऑक्झलेट भरपूर. पालकात कॅल्शियम आहे हे खरं, पण ते या ऑक्झलेटने असं धरून ठेवलेलं असतं की शंभर भागांतले जेमतेम पाच अंगी लागतात. दुधातले पंचवीसच्या पुढे.

आता आमच्याकडचा ताकातला चाकवत घ्या. पाला शिजवून घोटायचा, डाळीचं पीठ लावून ताक ओतायचं, वर लसणीची चुरचुरीत फोडणी. मुतखड्याचे डॉक्टर आज सांगतात की ऑक्झलेटवाली भाजी खायचीच तर जोडीला दही-ताक घ्या; त्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला गाठतं आणि ते रक्तात कमी उतरतं. फोडणीतल्या तेलामुळे पानातलं कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं, ते शोषलं जातं. वर लिंबू पिळलं तर लोहाचंही तेच. म्हणून आज्यांना रसायनशास्त्र येत होतं असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं मला थोडं लाडिक वाटतं. चाकवत नुसता बेचव लागतो, ताकाने तो खाववतो, एवढंच कारण असेल. पण ज्या घरात तो खाववला त्या घरात तो टिकला. आणि बऱ्याच भाज्यांचं 'उकडून पाणी पिळून टाक' हे तर सरळ अनुभवातून आलेलं आहे. उग्रपणा पाण्यात उतरतो, ऑक्झलेटचा विरघळणारा भागही. त्याच पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही मोरीत जातं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

फोलेटची गोष्ट मुंबईची आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे आली. गरोदर बायकांचं, त्यातही गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांचं, रक्त विचित्र पातळ होत होतं; तांबड्या पेशी थोड्या आणि फुगलेल्या. जीव जात होते. तिने जंतू शोधले, ते नव्हते. मग ती त्यांच्या ताटाकडे वळली, तर त्यात भाजी आणि फळं जवळजवळ नव्हती. मार्माइट या स्वस्त यीस्टच्या अर्काने त्या बायका बऱ्या होऊ लागल्या आणि १९३१मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. अर्कात नेमकं काय होतं ते कळायला आणखी दहा वर्षं लागली: १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक आटवून ते द्रव्य हाती आलं. ते फोलिक आम्ल. आज गरोदरपणी त्याची गोळी देतात. मला राहून राहून वाटतं, गिरणीतल्या त्या बायकांपैकी कितीतरी जणी कोकणातून आणि घाटावरून आलेल्या असणार, जिथे बांधावर पोकळा आणि घोळ फुकट उगवत होती. मुंबईतल्या खोलीत बांध कुठला असायला? खुडायला जागा नाही आणि शिजवायला वेळ नाही.

आपल्याकडे श्रावणात पालेभाजी वर्ज्य करणारी घरं होती, अजून आहेत. चातुर्मासातलं ते शाकव्रत. चिखल, अळ्या, गढूळ पाणी पाहता त्यात शहाणपण दिसतं. पण त्याच श्रावणात सह्याद्रीतल्या ठाकर-कातकरी वाड्यांमध्ये कणगी रिकामी झालेली असते, नवं भात कापायला अवकाश असतो आणि ताटात कुरडू, भारंगी, फोडशी एवढंच असतं. ज्याचं कोठार भरलेलं त्याचा तो नेम. ज्याचं रिकामं त्याची ती भाजी. गंमत अशी की भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही न खाता पालेभाजी कोठारवाल्यांच्याही घरी शिजते, आणि वर्षातली सगळ्यांत चविष्ट म्हणून वाखाणली जाते.

काय कधी खुडायचं, कशात शिजवायचं, काय पिळून टाकायचं, ही सगळी विद्या पानाने स्वतः तयार केलेल्या विषासाठी होती. आपण वरून घातलेल्या विषाला ती लागू पडत नाही. मुंबईत रुळांलगत हिरवेगार पालकाचे, लाल माठाचे वाफे दिसायचे, काही ठिकाणी अजून दिसतात. नाल्याच्या पाण्यावर वाढलेले असतील तर त्यातले जंतू तीन पाण्यांनी धुऊन, नीट शिजवून जातील. शिसं आणि कॅडमियम जाणार नाही. ते मुळातून वर चढून पानात बसलेलं असतं, आणि फळभाजीपेक्षा पालेभाजीत जास्त. शिसंयुक्त पेट्रोल २०००मध्ये देशभर बंद झालं, पण जुन्या रस्त्याकडेच्या मातीतलं शिसं कुठे जाणार? टाकळ्याला नेमकी तीच कड आवडते. इथे पाणी पिळणं कामाचं नाही, ताकही नाही. इथे एकच उपाय, विचारणं: ही कुठली?

मी विचारते. स्टेशनाबाहेर कर्जतकडून येणाऱ्या एक मावशी बसतात, पळसाच्या पानांवर वाटे लावून. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "रस्त्याकडंची आम्ही नाय खुडत. गाड्यांचा धुरळा बसतो तिच्यावर. ही वरच्या माळावरची."

"आणि कुरडू?"

"आज घे. फुलायला लागली, पुढच्या बाजारी नाय आणणार."

"उरली असली तर?"

"उरू दे. तुरा आला की ती त्याची, आपली नाय," म्हणाल्या, आणि वीस रुपयांना तीन वाटे देऊन सुटे मागू लागल्या.