चाक काढून दाखव पाहू

आमच्या जुन्या मोटारीचे ब्रेक किरकिरू लागले. गॅरेजवाल्याने पुढच्या दोन्ही डिस्क व पॅड बदलण्यास सांगितले. आकडा ऐकून आम्ही दचकलो. पैसा धर्मग्रामाचा, शिवाय आजाऱ्यांना भेटण्यास आंबोली घाट चढायचा-उतरायचा तो याच मोटारीने! संशय गिळण्याऐवजी आम्ही म्हणालो, ‘‘बाबा, चाक काढून दाखव पाहू.’’

मालवणच्या खाऱ्या वाऱ्याने डिस्कवर गंज चढला होता. पॉलिश पेपर फिरवताच तो निघाला. डिस्कची जाडी शाबूत होती. पॅड मात्र 3 मिलिमीटरहूनही कमी उरले होते. तेवढेच बदलले.

गॅरेजवाला अर्धा खरा ठरला आणि आम्हीही अर्धेच. नुसत्या संशयाने परतलो असतो, तर घाटाच्या उतारावर आमचे काय झाले असते?