सभासदाची साखर

सहकारी साखर कारखान्याच्या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या आम्हा मुलांना दिवाळी जवळ आली की सभासदाच्या साखरेचे वेध लागत. रेशनवर साखर मोजून मिळायची, तो काळ. वडिलांच्या सभासद कार्डावर सवलतीच्या दरात मिळालेली साखर बैलगाडीतून दारात उतरली, की आई त्यातली थोडी आत्यासाठी काढून ठेवी आणि ज्यांच्याकडे ऊस नाही अशा शेजाऱ्यांकडे वाटीभर पाठवी.

पण सभासद म्हणून कारखान्याची मालकी म्हणजे काय, ते साखरेपेक्षा उसाच्या बिलातून जास्त कळायचं. बिल आलं की वडील ते मोठ्याने वाचायला लावत. वजन, दर, एकूण रक्कम. त्याखाली कपातींची रांग: सोसायटीच्या कर्जाची वसुली, ऊसतोड-वाहतुकीचा खर्च, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. हातात येणारा आकडा पाहून आई गप्प होई. त्या ठेवींवरच कारखान्याची गाळपक्षमता वाढली. अनेक ठिकाणी कारखान्याच्याच आधाराने शाळा, कॉलेज, दवाखाना उभा राहिला आणि आमच्यातले कितीतरी जण तिथेच शिकले. एकट्या शेतकऱ्याच्या दहा जन्मांत झालं नसतं, ते टनामागच्या काही रुपयांतून झालं, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांची सुरुवात तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, लोणीजवळ प्रवरेकाठी झाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्षही झाले. १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला. पन्नास एकरवाला असो की दोन एकरवाला, सभेत मत एकच. आमच्या घरांतल्या आजोबांना हे फार मोलाचं वाटे. वार्षिक सभेला ते धुतलेलं धोतर नेसून, अहवालाचं पुस्तक काखेत मारून जात.

या मालकीत सगळे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. वाढ्याच्या पेंढ्या डोक्यावर वाहणाऱ्या आमच्या आयांच्या नावावर जमीन नव्हती, त्यामुळे बहुतेकींच्या नावावर शेअरही नव्हता. बीड-पाथर्डीकडून येणाऱ्या तोडणीच्या टोळ्या पहाटेच्या थंडीत कोयता चालवायच्या आणि हंगाम संपला की परत जायच्या. साखरेच्या प्रत्येक पोत्यात त्यांचे कष्ट होते, सभासद नोंदवहीत त्यांचं नाव नव्हतं.

पुढे सभा लवकर संपू लागल्या. विषय वाचला जाई, "मंजूर, मंजूर" असा गलका होई आणि माणसं जेवणाच्या मंडपाकडे वळत. कर्ज किती, मळी कुठल्या दराने विकली, हे विचारणारा म्हातारा एकटा पडला. राज्यातले कितीतरी सहकारी कारखाने नंतर आजारी पडले, काही विकले गेले. भाव पाडून, मोडून-तोडून विकले असंही लोक बोलतात. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी आहेत. पण ज्या सभेत मालकांनी प्रश्न विचारायचे, तिथे ते फक्त साखरेचे गिऱ्हाईक उरले, हे मला सगळ्यांत मोठं कारण वाटतं.

तुमच्या घरच्या ट्रंकेत आजोबांच्या नावाचा शेअर दाखला असेल आणि कारखाना अजून सहकारी असेल, तर वारसनोंद करून घ्या, जमेल तिथे बहिणीचं नावही लावा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते, आणि लेखापरीक्षण झालेला ताळेबंद पाहण्याचा हक्क १९६०च्या सहकार कायद्याने सभासदाला दिलेला आहे. आधी तो वाचा आणि मग सभेला जा.