डोस उतरला, आजार नाही

दिवाळीनंतर आमची सात वर्षांची लेक झपाट्यानं वाळत गेली. सारखी तहान, रात्रीतून कितीदा तरी लघवी, मग उलट्या आणि धाप. धर्माबादहून रातोरात नांदेड गाठलं. टाईप वन मधुमेह निघाला, रक्तात आम्ल साचलेलं. आयसीयूतून वॉर्डात आली तेव्हा दिवसाला वीस युनिट इन्सुलिन लागत होतं, म्हणजे वजनाच्या दर किलोला एक युनिट.

संक्रांत झाली, बाजारात लाल मिरचीची आवक वाढली, हे आडतीवरून उशिरा येऊ लागले. त्याच दिवसांत लेकीची शुगर घसरू लागली. डोस तोच, वरण-भाकरी तीच, तरी मीटरवर साठ-पासष्ट. हात थरथरायचे, घाम फुटायचा. साखरेचं पाणी पाजलं की सावरायची. डॉक्टरांना विचारत डोस उतरवत गेलो आणि तो सहा युनिटांवर आला.

सासूबाईंनी बासरच्या सरस्वतीचा नवस फेडायला काढला. निजामाबादच्या नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, लेकरू बरं झालंय, आता सुया बंद करा की!" कुणी काढाही सुचवला.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारत असते. निदानाच्या वेळी काही पेशी उरलेल्या असतात, पण वाढलेल्या साखरेनं थकलेल्या. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा कामाला लागतात. हाच हनिमून पिरियड. किलोमागे अर्ध्या युनिटापेक्षा कमी इन्सुलिनवर साखर आटोक्यात राहते. कुणाचा काही आठवडे टिकतो, कुणाचा वर्षभर किंवा जास्त. काही मुलांना तो येतच नाही. पेशींवरचा हल्ला मात्र थांबलेला नसतो. सुई बंद केली तर पुन्हा आयसीयू.

म्हणजे सगळे जी सुई बंद करा म्हणत होते, तिच्यामुळेच हे दिवस दिसले होते. नवस फेडायला गेलो ते मीटर आणि इन्सुलिन पिशवीत घेऊनच.

ते सोपे महिने आम्ही शिकण्यात घातले. कोणत्या घासाला शुगर किती चढते, खेळल्यावर किती उतरते, हे वहीत लिहू लागलो. शाळेतल्या बाईंना थरथर ओळखायला शिकवलं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, लाईट जाते. तेव्हा इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत बंद करून पाण्याच्या माठात ठेवायची युक्ती कामी आली.

पावसाळा सरता सरता डोस चढू लागला. आज तो अठरा युनिट आहे. वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही, कारण तो चढणार हे ठाऊक होतं.

तुमच्या लेकराचा डोस असा उतरला तर आनंद करा, डॉक्टर सांगतील तेवढे युनिट कमी करा. पण कुणीही कितीही सांगो, इन्सुलिन बंद करू नका.