तेर आणि इस्कंदरिया

इस्कंदरिया हे नाव तुमच्या ओळखीचे असेल. मराठीत आपण या शहराला अलेक्झांड्रिया म्हणतो. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदराने इजिप्तच्या किनाऱ्यावर हे बंदर वसवले. तिथल्या उंच दीपगृहाची गणना जगातल्या सात आश्चर्यांत होत असे. कलावंतांचे तर हे आवडते शहर. संगीतकार सय्यद दरवेश आणि चित्रकार महमूद सईद हे दोघेही इथेच जन्मले.

तुम्ही म्हणाल, "त्या शहराचा आपल्या धाराशिव जिल्ह्याशी काय संबंध? आपल्याकडे तर समुद्रही नाही!" संबंध आहे, आणि तो पाहण्यासाठी विमानात बसावे लागत नाही. एस.टी.त बसून तेरला जावे लागते.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर आज संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्याचे प्राचीन नाव तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचे पुस्तक लिहिले. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे, असे तो सांगतो. तगरचे साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात नेत. तिथून गलबते तांबड्या समुद्रातून इजिप्तच्या किनाऱ्याला लागत. पुढे उंटांवरून वाळवंट ओलांडून माल नाईल नदीपर्यंत जाई आणि होड्यांतून इस्कंदरियेला पोहोचे. विचार करा, आपल्या मातीत पिकलेला कापूस किती लांबचा प्रवास करत असेल!

तेरला गेलो, तेव्हा मी प्रथम रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय पाहिले. गावातल्या पांढरीच्या टेकाडांवर सापडणाऱ्या वस्तू लामतुरे यांनी जपून ठेवल्या. इतरांना जी खापरे वाटत, त्यांत त्यांना इतिहास दिसला. मातीची खेळणी, मणी आणि शंखाच्या वस्तू पाहताना मी बराच वेळ तिथे रेंगाळलो. तेरला हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्तीही सापडली आहे. तिच्यासारखीच भारतीय मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते.

मात्र एक गोष्ट मनाला लागली. ज्या मलमलीमुळे तगरचे नाव सातासमुद्रापार गेले, ती मलमल आज कुठे आहे? कापड कुजून गेले. ते विणणाऱ्या हातांची नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत. दूरदेशीच्या एका व्यापाऱ्याने चार ओळी लिहिल्या, म्हणून एवढे तरी आपल्याला कळले.

दीपगृहाचीही तीच गोष्ट. मोरोक्कोतल्या तंजा बंदरात १३०४ साली जन्मलेला इब्न बतूता १३२६ मध्ये इस्कंदरियेला आला, तेव्हा दीपगृहाची एक बाजू ढासळलेली होती. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि आपले दौलताबादही पाहून गेला. १३४९ मध्ये तो पुन्हा इस्कंदरियेला पोहोचला, तेव्हा दीपगृहाच्या आत पाऊल ठेवणेही शक्य नव्हते. दीपगृह गेले, पण त्याच्या सफरनाम्यात त्याची हकिकत राहिली.

तेव्हा मित्रांनो, तेरला जरूर जा. त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर पाहा. टेकाडावर एखादा मणी दिसला तर तो खिशात घालू नका, संग्रहालयात कळवा. एकदा जागेवरून हलला की त्या मण्याची अर्धी कहाणी हरवते. आणि घरी आल्यावर एक वही करा. तुमच्या गावात कोण काय विणते, काय घडवते, कोणती जुनी भिंत यंदाच्या पावसात पडली, ते तारखेसह लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आपल्या गावाची हकिकत सांगायला दर वेळी दूरचा प्रवासी कशाला यायला हवा?