नसलेली पिन

उड्डाणाआधी हेलिकॉप्टरभोवती फेरी मारताना जाणता वैमानिक नुसत्या नजरेवर भिस्त ठेवत नाही. झाकण बसलेलं दिसलं, तरी ते ओढून पाहतो. टाकीच्या तळातलं इंधन पारदर्शक भांड्यात घेऊन उजेडात धरतो. त्यात पाणी असेल तर ते खाली बसलेलं दिसतं. नटावर ओढलेली रंगाची रेघ तुटली असेल, तर नट हलला आहे हे तो ओळखतो.

यात सगळ्यांत अवघड असतं ते नसलेली वस्तू दिसणं. सवयीची नजर रिकामी जागा स्वतःच भरून टाकते.

७ डिसेंबर २०११ रोजी लास वेगासहून हूव्हर धरण पाहायला निघालेलं पर्यटकांचं एएस-३५० हेलिकॉप्टर डोंगरात कोसळलं. वैमानिक आणि चारही प्रवासी गेले. मुख्य रोटरच्या एका सर्व्होला, म्हणजे पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रणेला, वैमानिकाचा हुकूम पोहोचवणारा दांडा हवेतच सुटला होता. हा सर्व्हो आदल्याच दिवशी देखभालीत बदललेला. सेल्फ-लॉकिंग नट बोटांनी सहज फिरू लागला, की तो टाकून द्यायचा असतो. इथे झिजलेला नट पुन्हा वापरला गेला. तो निसटू नये म्हणून असलेली स्प्लिट पिन एकतर नीट बसवली नव्हती, किंवा बसवलीच नव्हती. मेकॅनिकने जोडणी केली, निरीक्षकाने ती तपासली, चाचणी उड्डाणही झालं. कुणालाच काही खटकलं नाही.

अशा वेळी सगळा दोष शेवटची फेरी मारणाऱ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. काही जोड पत्र्याआड असतात. पण देखभालीनंतरच्या पहिल्या उड्डाणाआधी ‘काल काय काय उघडलं होतं?’ हे विचारून तोच भाग पुन्हा उघडून पाहता येतो. त्याला वेळ लागतो, आणि नेमका तोच मिळत नाही. महाराष्ट्रात निवडणुकीच्या दिवसांत एका सभेहून दुसऱ्या सभेला निघालेला नेता शेतातल्या हेलिपॅडवर आला, की सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे लागतात. तेवढ्यात कुणी हाक मारली आणि तपासणी मध्येच तुटली, तर वैमानिकाने चार पावलं मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. पाहुणा थांबेल.

लास वेगासच्या अपघातात मेकॅनिक आणि निरीक्षक दोघेही थकलेले होते, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवलं. वैमानिकांप्रमाणे देखभाल करणाऱ्यांच्याही कामाच्या तासांना मर्यादा घाला, अशी शिफारस त्याने केली. आपल्याकडच्या हँगरमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांसाठीही ही मागणी तितक्याच जोराने व्हायला हवी.