सांध्याची साक्ष

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याविषयी बोलताना कापूस आणि काळी माती यांचा उल्लेख प्रथम व्हावा हे स्वाभाविकच आहे. परंतु माझे सारे आयुष्य पोलादी नळांच्या परीक्षणात गेले असल्यामुळे, त्या मातीखाली जे पाणी आहे आणि त्या मातीतून नळाने जे पाणी आणावे लागते, त्या दोहोंकडे माझे लक्ष अधिक वेधले जाते. या तालुक्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण कित्येक ठिकाणी मर्यादेबाहेर गेलेले आहे, ही गोष्ट भूजलशास्त्रज्ञांनी नमुने तपासून सिद्ध केलेली आहे. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले म्हणजे प्रथम मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि कालांतराने थोरांची हाडे ताठरतात. पाणी उकळल्याने हा दोष जात नाही. डोळ्यांना तर ते पाणी निर्मळच दिसते. अशा मुलखात दूरच्या जलाशयाचे पाणी आणणारा नळ फुटला आणि आठवडाभर दुरुस्तीविना राहिला, तर घरची स्त्री निमूटपणे जुन्या हातपंपाकडे वळते. म्हणून ज्वालाग्राही वायू वाहणाऱ्या नळाची जितकी कसून परीक्षा होते तितकीच पाणी वाहणाऱ्या नळाचीही व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

नळाच्या भिंतीवर येणारा ताण काढण्याचे सूत्र पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असून ते शाळकरी मुलालाही समजेल इतके सुबोध आहे: दाबाला व्यासाने गुणावे आणि भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागावे. १ मीटर व्यासाच्या आणि १० मिलिमीटर जाडीच्या नळात १०० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर भिंतीवर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम ताण येतो. सामान्य प्रतीचे नळाचे पोलाद २,४०० किलोग्रॅमच्या आसपास नमू लागते. एवढी जवळजवळ पाचपट शिल्लक हाती असताना परीक्षेचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कंत्राटदारच नव्हे तर कधी कधी सुशिक्षित अधिकारीही विचारतात. त्याचे पहिले उत्तर असे की, वीज अकस्मात गेली आणि पंप थांबला म्हणजे वाहत्या पाण्याचा वेग एकाएकी मोडतो व त्यातून आघाताची लाट उठते. वेगात सेकंदाला १ मीटर इतका फरक पडला तरी अशा नळात सुमारे १०० मीटर उंचीचा दाब क्षणार्धात वाढू शकतो, आणि विदर्भाच्या ग्रामीण भागात वीज अकस्मात जाणे ही काही अपवादात्मक घटना नव्हे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे उत्तर असे की, हे सूत्र सर्वत्र एकजीव असलेली भिंत गृहीत धरते, आणि प्रत्यक्षातील नळ हा पोलादी पत्रा वळवून, त्याच्या कडा वितळवून जोडलेला असतो.

दाबामुळे नळाच्या परिघाच्या दिशेने जो ताण येतो त्याच्या निम्माच ताण लांबीच्या दिशेने येतो. सबब कारखान्यात लांबीला समांतर घातलेल्या सरळ शिवणीवर संपूर्ण भार पडतो, तिरक्या फिरत जाणाऱ्या सर्पिल शिवणीवर त्याहून कमी पडतो, आणि चरात दोन नळ टोकाला टोक लावून जो गोल सांधा करतात त्यावर तर हिशेबाने निम्माच भार येतो. या हिशेबावर विसंबून गोल सांध्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रवृत्ती आढळते. केळापूरच्या काळ्या मातीत ती घातक आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हातभर भेगा पडतात, आणि तिच्या या हालचालीने पुरलेला नळ वाकविला जातो. त्या वाकण्याचा ताण गोल सांध्यावरच येतो, आणि तो बार्लोच्या सूत्रात कोठेही नाही. कारखान्यातील शिवण छपराखाली, चूर्णाच्या थराआड, यंत्राच्या स्थिर गतीने घातली जाते. गोल सांधा मात्र वेल्डर चिखलात उताणा पडून, नळाच्या बुडाशी हात पोचवून करीत असतो. त्या कारागिराविषयी मला नितांत आदर आहे, आणि त्या आदरापोटीच त्याच्या हातचा सांधा तपासल्यावाचून मातीआड जाऊ नये असे मी म्हणतो.

परीक्षेचे दोन प्रकार: एकात नमुना मोडून पाहावयाचा, दुसऱ्यात नळाला धक्का न लावता त्याचे अंतरंग जाणावयाचे. सांध्यातून कापलेली पट्टी ताणून तोडली असता ती जोडावर न तुटता मूळ पत्र्यात तुटावी, आणि वाकवून दुमडली असता तिच्या पाठीवर भेग दिसू नये, ही सर्वपरिचित कसोटी होय. फ्रेंच धातुशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पी यांच्या नावाची आघात-परीक्षा याहून सूक्ष्म आहे: ५५ मिलिमीटर लांब आणि १० मिलिमीटर चौरस अशा पोलादी कांडीला २ मिलिमीटर खोल खाच पाडून तिच्यावर लोलकाचा घण सोडतात, व ती मोडताना किती ऊर्जा शोषली गेली ते मोजतात. पोलाद बळकट असूनही ठिसूळ असू शकते, हे ज्ञान जगाला फार महाग पडले आहे. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत स्कनेक्टडी नावाचे वेल्डिंगने जोडलेले नवे जहाज धक्क्याशी शांत उभे असतानाच मधोमध दुभंगले होते.

न मोडता करावयाच्या परीक्षांत क्ष-किरण अथवा गॅमा-किरणांचे छायाचित्र आणि श्राव्यातीत ध्वनी यांचा उपयोग होतो. गॅमा-किरणांसाठी लागणारे इरिडियम-१९२ हे द्रव्य, ज्याची तीव्रता दर ७४ दिवसांनी निम्मी होते, अणुऊर्जा विभागाची वाशी येथील संस्था आपल्याकडे पुरविते. फिल्मवर वायूचे बुडबुडे आणि आत अडकलेली मळी स्पष्ट उमटतात. पण दोन कडा एकमेकींना नुसत्या चिकटून राहिल्या, एकजीव झाल्याच नाहीत, असा पातळ दोष किरणांच्या दिशेशी तिरका असेल तर फिल्मवरून निसटतो. तेथे ध्वनी उपयोगी पडतो. बाजारात मडके घेताना आपली आजी टिचकी मारून नाद ऐकत असे, त्याच न्यायाने पोलादात सेकंदाला काही हजार मीटर वेगाने जाणारा ध्वनी भेगेवर आपटून परत येतो आणि पडद्यावर तिचे ठिकाण सांगतो. शिवाय वेल्डिंगच्या वेळी धातूत शिरलेल्या हायड्रोजनामुळे पडणारी भेग कित्येकदा काम संपल्यावर एक-दोन दिवसांनी उघडते. म्हणून जाड आणि उच्च बळाच्या पोलादाचा सांधा निवताक्षणीच तपासून मोकळे होण्यात शहाणपण नाही.

सर्वांत शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी येते. ती पाण्यानेच का घ्यावयाची, याचे उत्तर १९६० साली अमेरिकेत मिळाले. ३० इंची वाहिनीची चाचणी वायूने घेतली जात असता एका ठिकाणी पडलेली ठिसूळ भेग सुमारे १३ किलोमीटर धावत गेली. नळ फुटताच वायूचा दाब ओसरण्याची लाट सेकंदाला सुमारे ४०० मीटर वेगाने मागे सरते; ठिसूळ भेगेचा वेग त्याहून अधिक असतो, त्यामुळे भेगेच्या टोकापाशी दाब सदैव कायम राहतो आणि ती थांबत नाही. पाण्यात तीच लाट त्याहून पुष्कळ अधिक वेगाने जाते, भेग पुढे सरकण्यापूर्वीच दाब निघून जातो.

आपल्याकडे ही चाचणी घेताना उन्हाचा हिशेब ठेवणे अगत्याचे असते. चैत्र-वैशाखात उघडा पडलेला नळ दुपारी तापला की आतील पाणी प्रसरण पावून दाबमापकाचा काटा चढतो आणि पहाटे उतरतो. तापमानाची नोंद शेजारी नसेल तर गळती नसता गळती भासते, आणि याहून वाईट म्हणजे दुपारच्या चढत्या काट्याआड खरी गळती झाकली जाते. उंचावर कोंडलेली हवा पूर्णपणे बाहेर काढली नाही तर दाब फुग्यासारखा टिकून राहतो. दर १० मीटर उताराला चौरस सेंटिमीटरमागे १ किलोग्रॅम दाब वाढतो, म्हणून यवतमाळच्या पठारावरून सखल भागाकडे उतरणाऱ्या नळात मापक कोठे बसविला होता हे सांगितल्यावाचून त्यावरील आकड्याला काही अर्थ नसतो.

आणि हे सारे यथासांग होऊनही दप्तर खोटे असेल तर सर्व व्यर्थ. ९ सप्टेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो गावी १९५६ साली पुरलेली ३० इंची वायुवाहिनी फुटून ८ माणसे मृत्युमुखी पडली. कंपनीच्या नोंदीत त्या ठिकाणचा नळ शिवणरहित असल्याचे नमूद होते. चौकशीत निघाले की तो आखूड तुकडे जोडून केलेला होता, त्यांपैकी काहींची शिवण केवळ बाहेरून घातलेली होती, आतून नव्हतीच, आणि पुरल्यावर त्याची दाबाची चाचणी झाल्याचा दाखलाही मिळाला नाही. चोपन्न वर्षे तो नळ मातीखाली होता, आणि कचेरीतील प्रत्येक नवा अधिकारी मागच्याच्या नोंदीवर विश्वास ठेवीत आला.

पाण्याच्या नळाच्या बाबतीत तर अशी नोंद बहुधा काम पुरे होताच तालुक्याबाहेरच्या दप्तरात जाते. माझी तजवीज अशी आहे की ती गावच्या ग्रामपंचायतीत राहावी: नळाच्या पोलादाचा दाखला आणि त्यावरील वितळणीचा क्रमांक (हीट नंबर), प्रत्येक गोल सांध्याचा क्रमांक व तो करणाऱ्या वेल्डरची खूण, फिल्म अथवा ध्वनिपरीक्षेचा शेरा, दुरुस्त केलेल्या सांध्यांची वेगळी यादी, आणि दाबाच्या चाचणीचा तासातासाचा तक्ता, ज्यात तापमान, मापकाची जागा आणि त्या मापकाच्या शेवटच्या पडताळणीची तारीख असेल. पाच-सहा वर्षांनी नळ फुटला म्हणजे सरपंचांनी तो कागद काढून फुटलेला सांधा कितवा हे पाहावे. त्याच वेल्डरने, त्याच आठवड्यात केलेले शेजारचे सांधे उकरून तपासावेत, आणि मगच चर बुजविण्यास मंजुरी द्यावी.