सावली पडणारा नवरा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये तो बांधला गेला. पावसाळ्यात बांधावरून पाणी दोन ठिकाणी कोसळते. धाराशिव जिल्ह्यात त्या दोन धबधब्यांना नर आणि मादी म्हणतात. किल्ल्याचे नाव लोक नळराजाशी जोडतात. ती आख्यायिका, इतिहास नव्हे. पण जोडप्याच्या नावाने पाणी ओळखणाऱ्या गावात नळ-दमयंतीची आठवण टिकावी, हे लोककथा आणि भयकथा दोन्ही अभ्यासणाऱ्या प्रस्तुत लेखकाला फार मोलाचे वाटते.

भयाच्या कथांत मात्र संसारी जोडपे सहसा टिकत नाही. इंग्रजीत ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ नावाचा, अमानवी प्रियकराच्या प्रेमकथांचा मोठा साहित्यप्रकार आहे. त्यात नायक रक्तपिपासू असतो, नाहीतर लांडग्याचे रूप घेणारा. लग्न मात्र शक्यतो लांबवतात. ‘ट्वायलाइट’ मालिकेत बेला आणि एडवर्ड यांचे लग्न चौथ्या पुस्तकात, २००८ साली लागते आणि मालिका त्याच पुस्तकात आटोपते. संसार सुरू झाला की गोडी संपते, ही त्यामागची भीती. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांनी ती खोटी ठरवली. त्यांची नायिका मर्सी थॉम्पसन २००६ मध्ये अवतरली, सहाव्या पुस्तकात तिचे लग्न झाले आणि त्यानंतरही मालिका चालू राहिली. डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’मध्ये तर १९९१ च्या पहिल्याच पुस्तकात लग्न उरकते. पुढचे सगळे खंड त्या संसाराचे आहेत.

महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान, म्हणजे नळ-दमयंतीच्या संसाराची कथा, या सगळ्यांच्या कितीतरी आधीचे.

स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचेच रूप घेऊन बसतात. दमयंतीसमोर पाच नळ. तिला खरा ओळखू येतो तो त्याच्या माणूसपणावरून. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाच्या अंगावर धूळ आहे, गळ्यातली माळ कोमेजली आहे आणि त्याची सावली पडते. आजच्या कादंबऱ्यांतली नायिका अमानवी प्रियकरामागे जाते. बेला तर स्वतःच रक्तपिपासू होते. दमयंती चार देव सोडून घामेजलेला माणूस निवडते. कथाकाराची ही निवड अजोड आहे.

त्यानंतर बारा वर्षे सुखाचा संसार, एक मुलगा, एक मुलगी. देवांना डावलून तिने माणूस निवडला म्हणून चिडलेला दुष्ट कली ही बारा वर्षे टपून बसलेला. एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसतो आणि कली त्याच्या अंगात शिरतो. झपाटलेला नळ द्यूतात राज्य हरतो, वनात झोपलेल्या बायकोचे अर्धे वस्त्र कापून घेऊन निघून जातो. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने त्याचे रूपही पालटते. बाहुक नावाचा कुरूप सारथी होऊन तो अयोध्येला राहतो.

दमयंती त्याला कशी शोधते, ते पाहावे. दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता पाठवून ती त्याला बोलावून घेते. दासीला त्याच्या पाळतीवर ठेवते आणि शेवटी त्याने रांधलेले मांस चाखते. चव नवऱ्याच्या हातची! रूप पार बदलले, हात बदलला नाही. समोर आल्यावर ती त्याला सरळ विचारते, की झोपलेल्या निरपराध बायकोला वनात टाकून कोण जातो? कली अंगात होता, एवढ्यावर प्रश्न मिटवणारी ती नाही.

नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर यांचा खंडोबाही संसारी देव. मूर्ती एकच, देवळे दोन. वर्षातले सुमारे पावणेदोन महिने देव नळदुर्गात, बाकी अणदूरला. म्हाळसा आणि बाणाई या त्याच्या बायकांच्या रुसव्याफुगव्यांवर ‘जय मल्हार’ मालिका २०१४ ते २०१७ चालली. ती रंगली खरी, पण त्यात सुख नवऱ्याच्या वाट्याला अधिक आणि जळणे बायकांच्या, असे स्पष्ट म्हणायला हवे.

आपल्या भयमालिकांत जोडपे बहुधा दुभंगलेलेच असते. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा आणि माई आठवा. पुढची भुताची गोष्ट लिहिणाऱ्यांनी आधी नलोपाख्यान वाचावे आणि भर पावसात एकदा नळदुर्गला जाऊन यावे. नर आणि मादी दोन्ही धबधबे तेव्हा एकाच वेळी कोसळताना दिसतात.